खुशालच्या नावाचं ताट

"मी बसलो असतो व मनकर्णा, पन माहे दात दुखून राहिले," वामनराव म्हणाले.

त्यांच्या ओंजळीत फुटाणे होते. मनकर्णा त्या फुटाण्यांकडे पाहत राहिली. वामनरावांनी हात हळूच धोतराआड नेला.

"पुरनपोळीले दात लागत नाईत, मामा."

"तसं नाई व. पोटाचंबी जरा…"

"सांगून टाका ना खरं!" आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "फास लावून मेलेल्याच्या नावानं कोन बसते? जेवता जेवता मानगूट धरलं तं माहे लेकरं कोन पोसन? सांगा ना तिले! दात म्हनते!"

मनकर्णानं कडेवरच्या वच्छीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पायरी उतरली. हा सहावा नकार होता. अखाजी परवावर आली होती.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मेलेलं माणूस घरी जेवायला येतं. स्वतःचं तोंड त्याच्याजवळ उरलेलं नसतं, म्हणून ते दुसऱ्याच्या तोंडानं जेवतं. जातीतला, पण भाऊकीतला नाही असा एक माणूस आदल्या दिवशी आवतण देऊन बोलवायचा. दुपारी तो दारात आला की त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवायचं. जेवण होईपर्यंत तो माणूस म्हणजेच आपला गेलेला माणूस. त्याला पितर म्हणायचं. पितराचं पोट भरलं की वर्षाची काळजी मिटली. कोणी बसलंच नाही, तर गेलेला माणूस उंबऱ्यापर्यंत येतो, उभा राहतो आणि उपाशी परत जातो. मनकर्णाच्या नवऱ्याची, खुशालची, ही पहिलीच अखाजी होती. मेल्यानंतरचं पहिलं जेवण.

आणि खुशाल जेवणाचा फार शौकीन माणूस होता.

गल्लीच्या तोंडाशी चार पोरी गजगे खेळत होत्या. वच्छीनं त्यांच्याकडे हात केला. दोन वर्षांची पोर. तिला सगळं जग आपल्याशीच खेळायला बसलेलं वाटायचं. एका पोरीनं गजगे गोळा केले. "भुताची पोट्टी आली व," असं म्हणून चौघी उठून गेल्या. वच्छीचा हात तसाच पुढे राहिला. मनकर्णानं तो हात आपल्या मुठीत घेतला आणि बोटं मोजल्यासारखी एकेक दाबत घरापर्यंत गेली. पोर हसली. तेवढंच त्या दिवसातलं बरं झालं.

*

खुशाल डंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळात, बाईचं सोंग घ्यायचा. डंडारीत आधी गणपती येतो आणि मग मोरावर बसून सरस्वती. अकोल्याच्या जुन्या शहरात गेली सात वर्षं ती सरस्वती म्हणजे खुशाल. दिवसा दुसऱ्याच्या वावरात औत हाकायचा आणि संध्याकाळी रंगमहालात जाऊन देवी व्हायचा. रंगमहाल म्हणजे मोर्णा नदीच्या काठची, गढीच्या भिंतीला पाठ लावून उभी असलेली लांबलचक जुनी इमारत. काळा दगड, सागाचे खांब, आत गुडघाभर उंच ओटा. कोणी बांधला ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

मागच्या जेठात तिथंच, दिवसा ठेवलेल्या तालमीत त्याला पटकी झाली. सकाळी चार भाकरी खाऊन गेलेला माणूस. मनकर्णा पोरीला घेऊन धावत पोहोचली तेव्हा तोंडावर सफेदा तसाच होता आणि डोळे खोल गेले होते. सूर्य मावळायच्या आत सगळं संपलं. तो सफेदा तिनंच तेलानं पुसला. कपाळ पुसलं, गाल पुसले, गळा पुसला. गळ्यावर दोरीचा वळ तर सोडाच, साधा ओरखडाही नव्हता.

पण दिवाळीनंतर गावात भलतीच गोष्ट फिरू लागली. खुशालनं दोराचा फास करून रंगमहालाच्या आढ्याला गळफास घेतला, देवीचं सोंग अर्धंच राहिलं म्हणून तो आत घुंगरं बांधून फिरतो, एक हमाल आत गेला तर त्याच्या पाठीवर कोणीतरी येऊन बसलं आणि तो आठ दिवस तापानं फणफणला. मनकर्णानं आधी हसून सोडलं. मग भांडली. मग एकेकाला धरून समजावलं. लोक मान डोलवायचे आणि पाठ फिरली की घुंगरांची आणखी दोन आवर्तनं वाढवायचे.

घरी सासू चुलीजवळ चिंच भिजत घालत होती. पार्बताबाई. अखाजीला चिंच-गुळाची आंबटगोड चिंचवणी नसेल तर पितर ताटाला हात लावत नाही असं तिचं ठाम मत होतं, आणि पितराचा पत्ता नव्हता तरी चिंच भिजत पडली होती.

"काय म्हने वामन?"

"दात दुखतात म्हने."

"मेल्याचे दात." पार्बताबाई चिंच कुस्करत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "मनकर्णे, एक इचारू? रागावू नको."

"इचारा ना, आत्याबाई."

"तू गेली तवा तो… खाली होता ना? निजलेला? का कोनी खाली उतरवून ठेवला होता?"

मनकर्णानं हातातला तांब्या खाली ठेवला. सगळं गाव बोललं तेव्हा इतकं लागलं नव्हतं. त्याला जन्म दिलेल्या बाईनं विचारलं.

"आत्याबाई, म्या हातानं गळा पुसला त्याचा."

"हाव ना. तू खोटं काहून बोलशील." म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. "पन लोक इतकं सांगून राहिले की मलेबी आता रातच्याले दोर दिसते व. माहा पोरगा आठवाले बसली की दोर दिसते."

*

सात समुद्रांपलीकडे कुठल्या गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती म्हणे. त्यापायी अकोल्यात माणसाला पाय पसरायला जागा उरली नव्हती. विलायतेला कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. ज्याच्या त्याच्या बैलांच्या शिंगांवर चांदीची टोपणं चढली. धर्मशाळेत कापूस, घोड्यांच्या पागेत कापूस, मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर कापूस. देव तेवढा आत कसाबसा उभा होता.

मनकर्णा एका कापसाच्या शेठच्या आवारात रेच्यावर बसायची. कापूस घालायचा, दांडा फिरवायचा, इकडून रुई, तिकडून सरकी. वच्छी सरकीच्या ढिगात बसून खेळायची आणि संध्याकाळी तिच्या केसांतून, भुवयांतून, कानांच्या पाळ्यांमागून तंतू वेचून काढावे लागायचे. नवरा गेल्यावर या रेच्यानंच तिघींना जगवलं होतं. त्यामुळे कापसाला शिव्या द्यायची सोयसुद्धा मनकर्णाला नव्हती.

शेजारच्या रेच्यावर हलीमाबी बसायची. साठी ओलांडलेली, दात गेलेले, जीभ शाबूत. तिचा आजा रंगमहालाचा पहारेकरी होता. बापानं तिथल्या मशाली सांभाळल्या, नवऱ्यानंही.

"मिळाला का कोनी?" तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं.

"नाई, खाला. आता बार्शीटाकळीले जाऊन पाहावं म्हनते."

"बार्शीटाकळीवाले तं त्याच्याहून भितरे. परवा एक गाडीवान सांगत होता, खुशाल आता दोन दोन दिसते म्हने. एक बाई, एक मानूस." हलीमाबी बोळक्या तोंडानं हसली, पण मनकर्णाचा चेहरा पाहून तिनं दांडा थांबवला. "बेटी, तुले खरंच मालूम नाई? का मालूम असून इचारून राहिली?"

"काय मालूम?"

"रंगमहालात आजपावतो किती भुतं झाली, सांग."

मनकर्णाला लहानपणापासून ऐकलेल्या दोन गोष्टी आठवल्या. भिंतीत चिणलेली नायकीण आणि मुंडकं नसलेला रोहिला शिपाई.

"नायकीन कवा झाली?" हलीमाबी म्हणाली. "निजामाच्या तालुकदाराले रंगमहालात घोडे बांधाचे होते तवा. माहा आजा सांगे. आठ दिवसांत नायकीन भितीतून रडाले लागली. घोडे काई आले नाईत. मंग कंपनीचा साहेब आला, त्याले दारूगोळा ठेवाचा होता. तवा रोहिला उभा झाला, मुंडकं काखेत घेऊन. तो तं माह्या अब्बानं उभा केला. अब्बा सोता सांगत मले, हसत हसत. दर रोज फजरच्या वक्ती दारात बकऱ्याचं रगत शिंपडत." तिनं पुन्हा दांडा धरला. "भुतं नोहेत थे. कुलपं हायेत. कोनी जागा मागाले आलं का नाचनारे लोक एक कुलूप लावतात."

रेचा फिरत राहिला. मनकर्णानं आपला दांडा सोडला.

"आता जागा कोन मागून राहिलं?"

हलीमाबीनं मानेनंच आवाराकडे, आभाळापर्यंत रचलेल्या कापसाच्या गासड्यांकडे इशारा केला. "इथं आता उंदराले जागा नाई. शेठची नजर दिवाळीपासून रंगमहालावर हाये. पन हमाल आत पाय ठेवाले तयार नाईत ना."

*

भर दुपारी मनकर्णा रंगमहालात शिरली. उन्हातून आत गेल्यावर क्षणभर काही दिसलं नाही. मग ओट्यावर कागदाचा मोर दिसला आणि त्याची शेपटी चिकटवत बसलेला सूर्यभान. डंडारीचा म्होरक्या. खुशालच्या लंगोटीपासूनचा मित्र; त्याच्या तिरडीचा पुढचा दांडा यानंच धरला होता.

"वहिनी? इतक्या उन्हात? पोट्टीचं डोकं तापन ना."

"भाऊजी, माहा नवरा कशानं मेला?"

सूर्यभाननं खळीचं भांडं खाली ठेवलं. मग हात धोतराला पुसले. मनकर्णाला तिथंच कळलं. सहा महिने ती ज्या गोष्टीमागे गल्लोगल्ली धावत होती, ती याच ओट्यावर बसून रचली गेली होती.

"तुमी केलं," ती म्हणाली.

"आमी समद्यांनी केलं. बसा ना वहिनी."

"बसाले नाई आली. काहून केलं? नायकीन होती ना? तुमचा रोहिला होता ना?"

"जुन्या भुताले आता कोनी भेत नाई. हमाल म्हनत, दाखवा तुमचा रोहिला, आमी त्याच्या डोक्यावर गासडी देतो." सूर्यभानला हसू येणार होतं, ते त्यानं गिळलं. "भेवाले वळखीचं मानूस लागते, वहिनी. ज्याले लोकांनी परवा परवा पाह्यलं असन. त्याचं सोंग समद्यांच्या डोळ्यात होतं. आमी फक्त घुंगरं वाजवली."

"आन दोर?"

"दोर… पटकीनं रोज दहा मरतात. पटकीच्या भुताले कोन भेते?"

वच्छी कडेवरून उतरून मोराकडे दुडुदुडू गेली आणि तिनं त्याचं एक पीस ओढलं. दोघांनीही तिला थांबवलं नाही.

"त्याचीच तं जागा हाये हे," सूर्यभान म्हणाला. "तो असता तं सोताच आढ्यावर चढून घुंगरं वाजवली असती. हे खोटं हाये का? तुमीच सांगा."

खोटं नव्हतं, आणि त्याचाच तिला संताप आला. खुशाल हसत हसत स्वतःचं भूत झाला असता. पण तो जिवंत असता तर संध्याकाळी घरी येऊन जेवला असता.

"बरं. जे झालं ते झालं. उद्या अखाजी. तुमी पितर बसा. तुमाले तं भेव नाई ना? तुमाले तं मालूम हाये."

सूर्यभाननं खळीचं भांडं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"भाऊजी?"

"वहिनी, मी बसलो तं गाव काय म्हनन? खुशाल जेवला. पितर जेवला का भूत सुटलं. भूत सुटलं का दुसऱ्या दिवशी कापूस आत." त्यानं सागाच्या खांबांकडे हात केला. "एकदा गासड्या आत शिरल्या का मंग रंगमहाल संपला. आमी कुठी जावं? एक वर्स थांबा. ते गोऱ्यांची लढाई काय जन्मभर चालन का? भाव पडले का मी सोता बसतो. दोन ताटं जेवतो."

"पहिली अखाजी एकदाच येते."

"मंग असं करा." त्याचा आवाज खाली गेला. "दिवस कलला का मी मागच्या दारानं येतो. कोनाले दिसनार नाई. चार घास खातो आन…"

"मागच्या दारानं?"

"हाव."

"माहा नवरा चोर होता का, भाऊजी?" मनकर्णानं वच्छीला उचललं. पोरीच्या मुठीत मोराचं पीस होतं; ते सोडवून तिनं ओट्यावर ठेवलं. "तो समोरच्या दारानं येईन. दुपारी. पाय धुवून. उद्या तुमची वाट पाहते मी."

ती बाहेर पडली तेव्हा मागून सूर्यभान काहीतरी म्हणाला. वाट तापलेली होती, डोकं तापलेलं होतं, आणि पोर पिसासाठी रडत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

*

संध्याकाळी अंगणात एक धिप्पाड माणूस येऊन उभा राहिला. हमालांचा मुकादम, नत्थुजी. शेठच्या आवारात मनकर्णानं त्याला रोज पाहिलेलं होतं, पण तो कधी बोलला नव्हता.

"बाई, पितर पाह्यजे ऐकलं. मी बसतो."

पार्बताबाई आतून जवळजवळ पळतच आली. "बस ना बाप्पा! कोनाचा तू? कोन्या गावचा?"

"नांदगाव खंडेश्वरचा, बुढे. कुनबीच हाये. तुमच्या भाऊकीत नाई लागत."

"देव पावला!" म्हातारीनं त्याची दृष्ट काढायचीच तेवढी बाकी ठेवली. मनकर्णा मात्र जागची हलली नाही.

"भेव नाई वाटत?" तिनं विचारलं.

"वाटते ना," नत्थुजी सरळ म्हणाला. "पन शेठ म्हने, कोनी एक बसला तं माहे मानसं आत जातीन. माहे चाळीस मानसं हायेत, बाई. पाऊस आला तं गासड्या भिजतीन, भिजल्या तं बोल आमच्यावर." त्यानं पागोटं काढून पुन्हा घातलं. "खोटं कायले सांगू. शेठनंच धाडलं मले."

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं मनकर्णाला वाटलं. मग दार लावून घेता आलं असतं. सहा भल्या माणसांनी दात आणि पोटं पुढं केली होती. जिवलग मित्र मागच्या दारानं यायला तयार होता. आणि समोरच्या दारानं येणारा एकुलता एक माणूस खुशालचा रंगमहाल घ्यायला आलेला होता.

"बोल ना व!" सासू कुजबुजली. "तोंड शिवलं का?"

हे दार लावलं तर रंगमहाल राहील. घुंगरंही राहतील, दोरही राहील. वच्छी मोठी होईल आणि भुताची पोट्टी म्हणून लग्नाला उभी राहील. म्हातारी डोळे मिटेपर्यंत आपल्या पोराला आढ्याला लटकलेलंच पाहील. आणि उंबऱ्यात तो उभा राहील, भूक लागलेला.

"उद्या दुपारी या," मनकर्णा म्हणाली. "पन माहा एक मानूस यायचा हाये. तो आला तं तुमी परत जा."

नत्थुजीनं मान डोलावली. तो गेल्यावर तिनं हलीमाबीच्या हाती रंगमहालात निरोप धाडला: तुम्ही आला नाहीत तर नत्थुजी बसेल. जे करायचं ते तिला समोरासमोर सांगून करायचं होतं. हलीमाबी परत आली ती कपाळाला हात लावूनच. "लय चिल्लावला, बेटी. मोराले लात मारली."

*

सकाळी मनकर्णानं नवी लाल घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं. पुरण वाटलं, कुरडया तळल्या, आंब्याचा रस काढला. चिंचवणी झाली. चुलीतला निखारा बाहेर ओढून वच्छीचा हात हातात धरून तुपाची आगारी टाकली. धूर डोळ्यांत गेला म्हणून पोर रडली, मग धूर नाचतो म्हणून हसली.

दुपार झाली. नत्थुजी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून अंगणातल्या कडुनिंबाखाली येऊन बसला. गल्लीत दारं किलकिली झाली. वामनरावांच्या ओसरीवर तर पाहायला जमलेल्यांना बसायला जागा नव्हती.

मनकर्णा उंबऱ्यात उभी राहिली. गल्लीच्या तोंडापर्यंत ऊन पांढरं पडलं होतं. कोणी येत नव्हतं.

"सावली पाह्य," पार्बताबाई म्हणाली. "कलून राहिली."

"थोडं थांबा, आत्याबाई."

"माहं लेकरू उपाशी उभं हाये व दारात!"

एक गाडी आली, गेली. एक कुत्रं आलं. निंबाची सावली पायाखालून सरकून हातभर लांब झाली. मनकर्णाला सूर्यभानचा इतका राग आला की तिला वाटलं, आता तो आलाच तर आपण त्याला हाकलूनच देऊ. आणि तरीही ती पाहतच राहिली.

शेवटी तिनं तांब्या उचलला.

"या," ती नत्थुजीला म्हणाली.

वच्छीच्या इवल्या हातानं पाय धुतले गेले; गंध लावलं गेलं. नत्थुजी पाटावर बसला. पहिला घास उचलून तो थांबला. गल्ली थांबली.

"त्याले आधी काय आवडे?" त्यानं हळूच विचारलं.

मनकर्णाला हे कोणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. "आधी कुरडई मोडे," ती म्हणाली. "आवाज आवडे त्याले. मंग पोरीच्या कानाशी नेऊन आणखीन एक मोडे."

नत्थुजीनं कुरडई उचलली. आधी एक स्वतः मोडली. मग अवघडत, पोरीला भीती वाटू नये इतक्या हळू, वच्छीच्या कानाशी दुसरी मोडली. पोर खिदळली. वर्षभरात त्या घरात पुरुष जेवताना तिनं पाहिला नव्हता. ती त्याच्या मांडीला टेकून त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, आणि मुकादमानं चाळीस हमालांवर ओरडणाऱ्या त्या तोंडानं पोटभर जेवून घेतलं. चार पोळ्या, दोन वाट्या रस. चिंचवणी दोनदा मागितली. पार्बताबाई वाढत होती आणि प्रत्येक वाढपाला "घे बाप्पा, घे" म्हणत होती. तिचे डोळे त्या माणसाच्या गळ्यावर खिळलेले होते. घास खाली उतरायचा, गळ्याची घाटी हलायची. पुन्हा घास, पुन्हा घाटी.

"दोर गेला व," ती मनकर्णाच्या कानात म्हणाली. "गेला. आता तो जेवतानाच दिसून राहिला."

मनकर्णानं भिंतीकडे तोंड केलं.

हात धुवून नत्थुजी उंबऱ्याबाहेर आला, मोठ्यानं ढेकर दिला आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "पितर जेवला! खुशाल मोकळा झाला!" मग तिच्याकडे न पाहता, लाजल्यासारखा, भरभर निघून गेला.

*

ऊन उतरायच्या आत गासड्यांच्या गाड्या रंगमहालाच्या दाराला लागल्या. आवाज घरापर्यंत येत होता.

मनकर्णा भांडी घासत होती. अंगणात पावलं वाजली. डंडारीचे पाचसहा जण, डोक्यावर मृदंग, पेट्या, गणपतीची सोंड, आणि सर्वांत पुढे तो कागदाचा मोर उराशी धरलेला सूर्यभान. एक पंख फाटलेला होता.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "शंभर वर्साची जागा. नायकिनीनं राखली, रोहिल्यानं राखली. तुमी एका जेवनावर देऊन टाकली."

"मी नाई दिली. तुमी दिली. मी दुपारभर उभी होती."

"मी बसलो असतो तरी हेच झालं असतं!"

"हाव," मनकर्णा उठली. राखेचे हात तसेच. "हेच झालं असतं. कापूस असाच आला असता. पन तुमी बसले असते. त्याच्या नावानं तुमी कुरडई मोडली असती. एक हमाल बसला, ज्यानं त्याले कधी घरात पाह्यलं नाई. त्यानं इचारलं, त्याले काय आवडे. तुमाले इचारावं लागलं नसतं, भाऊजी."

सूर्यभाननं मोर आणखी घट्ट धरला. मोराची मान त्याच्या हनुवटीला टोचत होती. तो मटकन अंगणातच बसला. बाकीचे सामान डोक्यावर घेऊन उभेच.

"हे ठेवावं कुठी?" त्यांतल्या एकानं विचारलं. "लोकांच्या घरात कापूस हाये."

"आमच्या घरात मानसं हायेत," पार्बताबाई आतून ओरडली. "त्याच्यावरून चढून जा आन माळ्यावर ठेवा. मोराचे पाय धुवून घ्या पन."

ते सामान आत नेऊ लागले. मनकर्णानं उरलेल्या पोळ्या पाहिल्या. रस संपला होता. तिनं एक ताट वाढलं, आणि सूर्यभानसमोर जमिनीवर जरा आपटूनच ठेवलं. तो ताटाकडे बघत बसला. खांदे हलत होते.

ती आत आली.

"जेवून राहिला का?" सासूनं विचारलं.

"नाई. रडून राहिला."

पार्बताबाई काहीतरी हळवं म्हणणार होती, तोवर मनकर्णा पुन्हा दारात गेली होती.

"रडाचं असन तं घरी जाऊन रडा, भाऊजी. इथं जेवा."

सूर्यभाननं बाहीनं तोंड पुसलं. पोळीचा तुकडा मोडला, चिंचवणीच्या वाटीत बुडवला, चावला. वच्छी त्याच्यासमोर येऊन बसली होती आणि प्रत्येक घासाला स्वतःचं तोंड उघडत होती. त्यानं तिला एक तुकडा भरवला.

"चिंचवनीत मीठ कमी हाये," तो म्हणाला.

"तुमची वाट पाहता पाहता विसरली," मनकर्णा म्हणाली, आणि मीठ आणायला आत वळली.